खरी लिहू का मराठी?

जुलैचा दुसरा आठवडा होता. सकाळपासून पाऊस लागला होता, आणि वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या केलेल्या छत्र्यांखालून पाण्याचे ओघळ निघून बाकांमधल्या दप्तरांपर्यंत पोचले होते. ओल्या गणवेशांचा एक आंबूस वास असतो, त्यात खडूचा आणि मधल्या सुट्टीत येणाऱ्या खिचडीचा वास मिसळलेला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या एका महापालिकेच्या शाळेत जाते. वाचनाचा तास घ्यायचा असं ठरलेलं, पण शाळेत एकदा पाऊल टाकलं की पडेल ते काम. त्या दिवशी सहावीच्या वर्गशिक्षिका कुठल्याशा प्रशिक्षणाला निघाल्या होत्या, आणि जाता जाता त्यांनी माझ्या हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, मातृभाषा. मुलांनी आपापलं भरायचं, मी फिरून नजर टाकायची. एवढंच.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी पेनचं टोपण चावत बसली होती. बाकीचे रकाने भरून झाले होते, अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. मी जवळ गेले तेव्हा तिने मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "बाई, खरी लिहू का मराठी?"

मी घड्याळाकडे बघितलं. अजून अर्धा गठ्ठा बाकी होता, आणि मागे दोघांची छत्रीवरून जुंपली होती. "मराठीच लिही गं," मी म्हटलं, "सगळ्यांनी तेच लिहिलंय."

तिने लिहिलं. ठी ची वेलांटी अगदी निगुतीने काढली आणि पत्रक माझ्या हातात दिलं.

खरी म्हणजे कुठली, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

घरी जाताना बसमध्ये खिडकीची काच बंद होत नव्हती, उजवी बाही भिजत होती आणि डोक्यात ते वाक्य फिरत होतं. किती व्यवहारी प्रश्न होता तिचा! त्यात तक्रार नव्हती. आपण पाहुण्यांना विचारतो ना, साखरेचा करू का बिनसाखरेचा, तितक्या सहज विचारलं होतं तिने. तिच्या लेखी खरी भाषा आणि कागदावरची भाषा या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि प्रसंग बघून कुठली पुढे करायची ते मोठ्या माणसाला विचारून घ्यायचं, इतकंच. बारा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल? बहुतेक कुणीच नाही. माझ्यासारख्या, घड्याळाकडे बघणाऱ्या माणसांनी थोडं थोडं शिकवलं असणार.

आणि मला हे कळायला हवं होतं, कारण आमच्याच घरात हे घडलेलं आहे. माझी आजी वेंगुर्ल्याची. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे साताऱ्याला आली ती एक पत्र्याची ट्रंक, सोलांचा डबा आणि आपली मालवणी घेऊन. संध्याकाळी मी खेळून आले की ओट्यावरून हाक यायची, "खंय गेल्लंस गो?" मला त्यात काही वेगळं वाटत नसे. मग तिसरीत असताना मी वर्गात 'माका नको' म्हणाले आणि वर्ग हसला. हसण्यात द्वेष वगैरे काही नव्हता, पण मी घरी येऊन आजीवर उखडले. माझ्या मैत्रिणी आल्या की तू नीट बोलत जा, असं मी तिला सांगितलं. नीट! आईनेही मला टोकलं नाही, कारण तिलाही पाहुण्यांसमोर ते जरा अवघडच वाटायचं. आजीने वाद घातला नाही. हळूहळू ती आमच्याशी सातारी वळणाचं काहीतरी जुळवून बोलायला लागली, बोलणंही कमी झालं. शेवटची काही वर्षं ती मालवणीत फक्त मांजराशी बोलायची. दुपारी सगळे निजले की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, त्या बोक्याला ती समुद्राच्या गोष्टी सांगत असायची. मी ऐकत पडून राहायचे. उठून तिच्यापाशी जाऊन बसावं असं मला तेव्हा सुचलं नाही.

तर, दुसऱ्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांना विचारलं, वाचनाच्या दोन तासांपैकी एक तास भाषांसाठी वापरू का? ते म्हणाले, कुठल्या भाषेसाठी? मी म्हटलं, सगळ्याच. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं आणि वापरा म्हणाले.

पहिला तास साफ फसला. मी पृथ्वीचा गोल घेऊन गेले होते. जगात किती भाषा असतील, असा प्रश्न टाकला. उत्तर आलं तीन. मराठी, हिंदी, इंग्लिश. एकाने संस्कृत धरून चार केल्या. मग मी सांगितलं की मोजदाद करणारे साधारण सात हजारांचा आकडा सांगतात, एकट्या पापुआ न्यू गिनीत आठशेच्या वर आहेत. मुलांनी "आआ" असा आवाज काढला, तो मोठ्या आकड्यासाठी होता, भाषांसाठी नव्हे. सात हजार काय नि सात लाख काय. नंतर पंधरा मिनिटं सगळे गोल गरागरा फिरवून बोट कुठे थांबतं ते बघत बसले. मीही बसले. बाहेरून कुठलं तरी ज्ञान आणून त्यांच्यासमोर ठेवायचं आणि त्यांनी भारावून जायचं, ही माझी कल्पना बँकेतल्या योजनांच्या जाहिरातीसारखीच होती.

पुढच्या तासाला मी काहीच नेलं नाही. मुलांना डबे काढायला लावले. खिचडी शाळेत मिळत असली तरी बरेचजण घरून काहीतरी आणतात. बटाट्याची भाजी निघाली, कोबी निघाला, पाव निघाला, एकीच्या डब्यात गणपतीचा उरलेला काजूचा तुकडा होता. म्हटलं, हे शब्द कुठून आले ते बघू. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. ते रताळ्याला तसं म्हणत, स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी उचलला आणि जहाजातून आपल्याकडे उतरवला. काजू ब्राझीलच्या तुपी लोकांकडून, पुन्हा पोर्तुगीजांच्याच हातून. पाव, कोबी, चावी, बिजागरी, पगार, सगळे तिकडून. कैची तुर्कांची. तूप? त्यावर मुलं ठाम होती की तूप तरी आपलंच. तेही कन्नड 'तुप्प'च्या घरचं. "मग आपलं काय आहे, बाई?" एकाने वैतागून विचारलं. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून आवरलं. त्याला खरंच घरात चोरी झाल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, अरे, उसनं घेतलेलं भांडं चारशे वर्षं आपल्या मांडणीवर आहे, आता त्याला आपलंच पोचे पडलेत. ते त्याला कितपत पटलं कोण जाणे. मी 'घमेलं' फळ्यावर लिहिलं आणि पोर्तुगीजमध्ये 'गामेला' म्हणजे लाकडी परात असं सांगितलं, तेव्हा मात्र तिसऱ्या रांगेतून ती पटकन म्हणाली, "आमच्या घरी चार आहेत." त्या तासातलं तिचं तेवढंच एक वाक्य.

याच सुमारास माझ्या भाच्याच्या मुलाने मला भाषेच्या कोड्यांची ओळख करून दिली. गणिताचं ऑलिंपियाड असतं तसं भाषाशास्त्राचंही असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. १९६५ साली मॉस्कोत शाळकरी मुलांसाठी अशी स्पर्धा पहिल्यांदा झाली. आल्फ्रेड झुरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याची ती कल्पना. पुढे २००३ मध्ये बल्गेरियातल्या बोरोवेत्सला आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, २०१६ ची तर आपल्या म्हैसूरला झाली. भारताचा संघ निवडण्यासाठी पाणिनीच्या नावाने परीक्षा असते. मुलांना सहा तासांत पाच कोडी सोडवायची असतात, आणि गंमत अशी की कुठलीही भाषा आधीपासून येण्याची अट नाही. कधी नावही न ऐकलेल्या भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ उलटसुलट दिलेले असतात, त्यावरून कुठला शब्द कशाचा आणि तो कसा वाकतो, हे आपलं आपण शोधायचं. घोकंपट्टीला इथे काही किंमत नाही. भाषा हा विषय गुणांच्या यादीत 'पाठांतर' या खात्यावर टाकून आपण मोकळे झालो होतो, आणि तिकडे पोरं तिच्याकडे रहस्यकथेसारखी बघत होती. मी दोन रात्री जागून त्यातलं एक सोपं कोडं सोडवलं. हिशोब जुळल्यावर बँकेत होत असे तसाच आनंद झाला.

ती कोडी आमच्या वर्गाला जड होती. पण रीत मला आवडली. मी ठरवलं, आकड्यांपासून सुरुवात करायची.

मधे एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या सोसायटीत एक कॉलेजातली मुलगी जपानी शिकते. पुण्यात हे काही नवीन नाही, दर चार घरांमागे एखादी तरी जपानी किंवा जर्मनची वही सापडते. तिने एकदा मला त्यांच्या अक्षरांचा तक्ता दाखवला आणि म्हणाली, काकू, वाचा. उभी ओळ, का सा ता ना हा मा या रा वा. मी वाचता वाचता थबकले. 'सा'च्या जागी च आणि 'हा'च्या जागी प ठेवून बघा, ती म्हणाली; कारण तो 'हा' पूर्वी 'पा' होता. क, च, त, न, प, म, य, र, व. आपली मुळाक्षरं पाठ करताना आपण ज्या क्रमाने डुलतो तोच हा क्रम! बौद्ध भिक्षूंनी संस्कृतसाठी सिद्धम् लिपी गिरवली, तिची मांडणी तिकडे रुजली. टोकियोतला शब्दकोश चाळणारं पोर आजही कंठापासून ओठाकडे जातं, हे त्याला ठाऊक असो वा नसो. मी हे वर्गात सांगितलं तर मुलांना त्यात विशेष काही वाटलं नाही. एकाने विचारलं, मग त्यांना ळ येतो का? मी म्हटलं, नाही, त्यांना ल आणि र यांतसुद्धा फरक करायला कठीण जातं. यावर मात्र वर्ग खूश. ळ येत नाही म्हणजे काहीच येत नाही, असा एकूण सूर होता.

तर आकडे. एका शुक्रवारी मी फळ्यावर चार उभ्या ओळी लिहिल्या, वर नावं न देता. पहिली : मिया, बारी, आपई, उपून. दुसरी : मुय, पी, बेय, बूअन. तिसरी : मोत, हाय, बा, बोन. चौथी : उंदी, रंड, मूंड, नालूंग. सगळीकडे एक ते चार. सांगितलं की यातल्या तीन ओळी एकमेकींच्या नात्यातल्या आहेत आणि एक परकी आहे; शोधा. आधी नुसता गोंगाट झाला. मग पुढच्या बाकावरचा एक, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, उठून फळ्यापाशी आला आणि उपून, बूअन, बोन यांवरून बोट फिरवत म्हणाला, "हे चारच्या खाली सारखं वाजतंय." मिया आणि मुय दुसऱ्या कुणी पकडलं. मग 'बारी'तली बा कुठे गेली यावर दहा मिनिटं वाद. शेवटी मी नावं सांगितली. दुसरी कंबोडियाची ख्मेर, तिसरी व्हिएतनामी. आणि पहिली? मुलांनी चीन, जपान, अमेरिका अशी नावं घेतली. म्हटलं, अमरावती जिल्हा. मेळघाटातले कोरकू. आपल्याच राज्यातली माणसं, जी एक-दोन मोजतात ती समुद्रापलीकडच्या चुलत्यांच्या भाषेत. क्षणभर वर्ग गप्प झाला. मग कुणीतरी म्हणालं, "मग ते सुट्टीत कंबोडियाला जातात का?"

एखादं साम्य दिसलं की लगेच नातं जोडू नये, हेही त्याच ओघात सांगायला हवं होतं, कारण वर्गातल्या दोघींना कोरियन मालिकांचं वेड आहे आणि कोरियनमध्ये आईला 'ओम्मा' आणि बापाला 'आप्पा' म्हणतात म्हणजे ते मूळचे तमिळ, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हटलं, आई-बापाला म, प लावून हाक मारणं जगभरच्या तान्ह्यांचं काम आहे, ओठ मिटले-उघडले की तेवढंच निघतं. ऑस्ट्रेलियात म्बाबराम नावाची एक भाषा होती, तिच्यात कुत्र्याला 'डॉग'च म्हणत, आणि इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग. हे ऐकून वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले.

हसणं ओसरल्यावर तिसऱ्या रांगेतून हात वर आला. "बाई, ती चौथी कुणाची?"

"गोंडी. गडचिरोली, चंद्रपूरकडची. का गं?"

"तिचे आकडे आमच्यासारखे आहेत."

ती उभी राहिली, आणि त्या दिवशीसारखी शेजारणीला ऐकू न जाणाऱ्या आवाजात नव्हे, चांगलं मोठ्याने म्हणाली, "वकटी, रेंडू, मूडू, नालगू."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. हे मी ऐकलं होतं. हे मी म्हटलं होतं, शेकडो वेळा, साताऱ्याच्या गल्लीत, फ्रॉकला माती लागलेली असताना, भावांच्या मागे मागे धावत. विटी कोलून टोला मारला की ती जिथे पडेल तिथपासून खड्ड्यापर्यंत दांडूने अंतर मोजायचं, आणि मोजताना एक-दोन-तीन म्हणायचं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वई, झकू. सात झाले की पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरे, कधी पायावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावर विटी ठेवून. दर गावाला यातले शब्द थोडे थोडे बदलतात, आमच्या गल्लीत असे होते. मला ते आयुष्यभर निरर्थक वाटत आले होते, अटक मटक चवळी चटक सारखे. साठ वर्षं मी तेलुगूत एक ते चार मोजत होते आणि मला पत्ता नव्हता.

तिची भाषा वडारी. तेलुगूची बोली. तिचे आजोबा सोलापूरकडून दगडाच्या कामावर इकडे आले, वडील आता इमारतींच्या साइटवर असतात. घमेली चार का, ते आत्ता कळलं.

मी फळ्यावर माझे आकडे लिहिले, शेजारी तिचे. मग वर्गाने आपोआप कोडं सुरू केलं, मला काही करावं लागलं नाही. कन्नडमध्ये एकाला काय म्हणतात? ज्याची आई विजापूरची होती तो म्हणाला, ओंदू. मग वकट कन्नड नाही. गोंडीत उंदी, तेही नाही. म्हणजे तेलुगूच. "म्हणजे विटीदांडू वडारांनी शिकवला?" असं कुणी तरी म्हणालं, आणि तिने हसू दाबण्यासाठी ओढणीचं टोक तोंडात धरलं. मी सांगितलं की इतकं लांब उडी मारून चालणार नाही. आकडे हे फार भटके असतात, बाजारात, खेळात, गुरांच्या मागे कुठेही जातात. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारे थोडे लोक आहेत. त्यांची भाषा जगातल्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही, एकटी आहे, पण तिच्यात दोन, तीन, चार हे द्राविडी घरचे आहेत. चाराला ते नालो म्हणतात. पाचापासून पुढे हिंदी-मराठी. आणि तिकडे उत्तर इंग्लंडच्या डोंगरात मेंढपाळ मेंढ्या मोजताना इंग्रजी आकडे वापरत नसत, यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप असं म्हणत. वेल्श भाषेत आजही पाचाचा उच्चार पिंप. इंग्रजी यायच्या आधी त्या डोंगरात जे बोललं जायचं त्याचा हा तुकडा मागे राहिला असावा असं मानतात. राज्यं गेली, भाषा गेली, आणि मेंढ्यांच्या पाठीवर पाच आकडे तगले.

त्या तासाच्या शेवटी मी विचारलं, घरी मराठीशिवाय दुसरं काही बोलतं का कुणी? जुलैत सगळ्यांनी पत्रकावर मराठी लिहिलेला तो वर्ग. नऊ हात वर आले. कन्नड, लमाणी, नेपाळी, दखनी, एकाची भोजपुरी, एका मुलीला नावच माहीत नव्हतं, ती म्हणाली, "आजी बोलते तसं." एकाने हात वर करून पुन्हा खाली घेतला. मी त्याला छेडलं नाही.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती १९,५६९ होती. ती चाळून, एकाखाली एक बसवून १,३६९ केली, आणि दहा हजारांच्या वर बोलणारे असलेल्या भाषा धरून शेवटी यादी १२१ वर आली. वडारी त्यात तेलुगूच्या पोटात आहे. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. मी आयुष्यभर खातेवह्या सांभाळल्या, बारीकसारीक नोंदी एका शीर्षाखाली घेतल्याशिवाय ताळेबंद निघत नाही हे मला माहीत आहे. पण त्या एकोणीस हजारांतला प्रत्येकजण कधी तरी पेनचं टोपण चावत बसला असेल, आणि त्याने आपली 'खरी' सांगितली असेल, हे डोक्यातून जात नाही. जी सांगितली गेलीच नाहीत त्यांचा तर हिशोबच नाही. त्यातली एक मी बुडवली.

२०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय निघाला, रान पेटलं, आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत मी दोन्ही बाजूंचं बरंच वाचलं, आणि सक्ती नको हे मलाही पटत होतं. पण सगळीकडे भाषा म्हणजे मुलांच्या पाठीवरचं ओझं, ते दोन किलो असावं की तीन, असाच काहीसा सूर. आमच्या वर्गातला दखनीवाला मुलगा घरी एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी आणि मोबाइलवर चौथी वापरतो, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि इंग्रजी माध्यमातल्या माझ्या नातीला शाळेने फ्रेंचचं पुस्तक दिलंय, त्याचं तिला गुणांपलीकडे काही नाही. कोरियन मात्र ती रात्री उशाखाली मोबाइल लपवून शिकते. चोरून खाल्लेल्या चिंचेसारखं. शाळेने उद्या कोरियन सक्तीचं केलं तर तिचा रस त्याच दिवशी संपेल, याची मला खात्री आहे. मग माझा तास? तोही वेळापत्रकात बसला, त्याला परीक्षा आली की संपलाच. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं होतं, याचा काही प्रकल्प करून प्रदर्शनात ठेवू या का? मी घाईने नको म्हटलं.

पत्रकाचं मनात होतंच. दिवाळीच्या सुट्टीआधी मी ऑफिसात जाऊन कारकुनांना विचारलं, एका मुलीच्या मातृभाषेच्या नोंदीत दुरुस्ती करता येईल का? त्यांनी शांतपणे जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि माझ्यासमोर धरलं. पहिलीत दाखल करताना कुणाच्या तरी निळ्या शाईत तिच्या नावापुढे 'मराठी' लिहिलेलं होतं. म्हणजे जुलैत मी काहीही म्हटलं असतं तरी फरक पडणार नव्हता. मला आधी हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याचा राग आला. दोन दिवसांनी तिचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा फाटकापाशी मी त्यांच्याकडे विषय काढला. नखांत सिमेंट, हातात हेल्मेट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "असू द्या की मॅडम," ते म्हणाले, "घरात हाय ना ती. कागदावर कशाला?" यावर मला उत्तर सुचलं नाही. आमच्या घरात ती मांजरापाशी उरली होती, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

सुट्टीनंतर मी शाळेत विटी-दांडू नेला. सुतारगल्लीतून करून घेतला, बाभळीचा, हाताला गुळगुळीत. मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशी उखडलेली जागा, तिथेच कोपऱ्यात खड्डा केला. मुलांना राज्य घेणं, कोलणं, टोला सगळं शिकवलं, आणि मोजायची वेळ आली तेव्हा दांडू तिच्या हातात दिला. वाकून, दांडूवर दांडू टाकत ती पुढे सरकत होती आणि वर्ग तिच्या मागून ओरडत होता. वकट, लेंड. ती थांबली. "लेंड नाही, रेंड." पुन्हा पहिल्यापासून. वकट, रेंड, मूंड, नाल, आर.

ती पुन्हा थांबली, उकिडवीच. "बाई, नालनंतर आर कसं? आर म्हणजे सहा."

मी म्हटलं, आमच्यात असंच म्हणायचे.

"मग ऐदू कुठाय?"

मी साठ वर्षं चारावरून सहावर उडी मारत आले होते. वई आणि झकू आमची नाहीत, ती कुणाची असतील ती असोत, असं तिने परस्पर जाहीर करून टाकलं, आणि दांडू मागे नेऊन नव्याने मोजायला लागली. वकट, रेंड, मूंड, नाल, ऐद, आर. सातचं आठ झालं, मोजणी सरकली, आणि समोरच्या गड्याचा जो सोपा टोला येणार होता तो गेला. तो चिडून ओरडला, "ए, चीटिंग! पाच मध्येच घातलं!"

"मध्येच नाही घातलं," ती दांडू न उचलता म्हणाली. "तुम्ही खाल्लं होतं."